डेक्कन जिमखाना : एका मैदानाची गोष्ट

पुण्यात उतरून ‘डेक्कनला जायचंय’ म्हणालात, तर कोणीही वाट दाखवील. पण मुळात हे एका खेळसंस्थेचे नाव आहे. त्या संस्थेवरूनच सारी वस्ती ओळखली जाऊ लागली.

त्या काळी ‘जिमखाना’ म्हटले की साहेबलोकच डोळ्यांपुढे येत. 1875 साली निघालेल्या बॉम्बे जिमखान्यात हिंदी माणसाला सभासदत्व नव्हते. 1906 साली पुण्यात आपल्या लोकांनी डेक्कन जिमखाना काढला, त्याचे मोल ह्यावरून कळेल. क्रिकेट, टेनिस हे साहेबाचे खेळ तिथे आलेच. पण देशी खेळांनाही तिथे मानाची जागा मिळाली.

आता बघा, खोखो अन् हुतुतू आपल्या गावांत पूर्वीपासून होतेच. मग उणे कशाचे होते? तर नियमांचे. ह्या गावचा डाव निराळा, त्या गावचा निराळा. दोन गावांनी सामना घ्यायचा म्हटला, की खेळापेक्षा तंटाच अधिक! जिमखान्याच्या मंडळींनी 1914 च्या सुमारास खोखोचे नियम लिहून काढले. पोरांचा डाव होता, त्याचा सामना झाला. पुढे 2025 च्या जानेवारीत दिल्लीला खोखोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी ती जिंकली. त्या यशाची एक मुळी ह्या मैदानापर्यंत पोहोचते.

दुसरी गोष्ट धावण्याची. सर दोराबजी टाटा हे जिमखान्याचे अध्यक्ष होते. पहिले महायुद्ध संपल्यानंतर जिमखान्याने भरवलेल्या शर्यती त्यांनी पाहिल्या. लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावणारे होते शेतकरी. पायांत वहाण नाही, शिकवायला गुरू नाही. तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या वेळांशी ताडून पाहण्याजोग्या निघाल्या. ह्या माणसांना ऑलिंपिकला का धाडू नये, असा विचार तिथेच जन्मला. 1920 साली बेल्जममधील अँटवर्पला हिंदी संघ गेला. त्यात बेळगावकडचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले. रणधीर शिंदे ह्या मल्लाचे कांस्यपदक थोडक्यात हुकले. त्यांना चौथ्या स्थानावर समाधान मानावे लागले. 1927 साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली, तेव्हा पहिले अध्यक्ष दोराबजीच झाले. आणि 1952 साली हेलसिंकीला कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक!

ह्यातून आपण घ्यायचे काय? चौगुल्यांच्या पायांत बळ जिमखान्याने घातले नाही. ते शेतातून अन् रानवाटांतून आले होते. मैदानाने एवढेच केले : अंतर मोजले, घड्याळ लावले, नियम लिहिला, आणि पळणारा कोण कुठला हे न पाहता त्याची वेळ टिपून ठेवली. एवढ्याने गावचा गडी अँटवर्पला पोहोचला.

गुरुजी, तुमच्या शाळेमागे मोकळी जागा असेल, तर ती राखा; तिथे गंजी अन् गाड्या शिरू देऊ नका. फक्कीने रेघा आखा, एक वही घाला. कोणाचे पोर अनवाणी वाऱ्यासारखे पळत असेल, तर नुसती शाबासकी देऊन थांबू नका. त्याची वेळ वहीत लिहा. न मोजलेले बळ गावच्या वेशीबाहेर कोणाला दिसत नाही.