रानपिंगळा

रानपिंगळा : (शास्त्रीय नाव ॲथीन ब्लेविटी). मध्य भारत व पश्चिम घाटाच्या उत्तर टोकाकडील पानझडी जंगलांत राहणारे, सुमारे 23 सेंमी. लांबीचे घुबड. भारताबाहेर ते आढळत नाही. साध्या पिंगळ्याच्या माथ्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाटी असते. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा, पंजे थोराड. दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसून, शेपटी डावी-उजवीकडे झटकत तो सरडे-उंदीर टिपतो.

एफ. आर. ब्लेविट यांना 1872 मध्ये मिळालेल्या नमुन्यावरून ॲलन ह्यूम यांनी पुढच्या वर्षी त्याचे वर्णन केले. 1880 च्या दशकात जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात आणखी काही टिपले. मग पक्षी दिसेनासा झाला. मागे उरली ती 1914 ची एक नोंद : सुरत जिल्ह्यात तापीकाठच्या मांडवीला आपण तो मिळवल्याचा रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांचा दावा.

दावा खोटा होता. पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी पेंढा भरलेला तो नमुना तपासला, तेव्हा तो डेव्हिडसन यांचाच निघाला. संग्रहालयातून उचलून त्यावर नवी चिठ्ठी डकवलेली होती. मांडवी बाजूला सारून खऱ्या नमुन्यांची ठिकाणे धुंडाळणाऱ्या रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला.

मधल्या शतकभरात तापी खोऱ्यातले रान बरेच आटले. इंग्रजांनी 1842 पासूनच भिल्ल राजांकडून शेजारच्या डांगची जंगले पट्ट्याने घेतली, ती मुंबईच्या गोदीला सागवान हवे म्हणून. पुढे शेतीसाठी रान तुटले, सरपण व चराईचा ताण वाढला. 1972 मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणाखाली नदीकाठची गावे आणि जंगलही गेले.

रानपिंगळा स्वतः ढोली कोरत नाही. घरट्यासाठी त्याला जुन्या झाडातली तयार ढोली लागते. भारतीय वनसर्वेक्षणाच्या उपग्रह-मोजणीत मात्र एक हेक्टरवर किमान 10 टक्के छत्र असले की वनाच्छादन धरले जाते, मग ती कोवळी लागवड का असेना. डांगमध्ये वनाच्छादनाचे प्रमाण आजही 70 टक्क्यांच्या वर आहे. त्यात पोकळ खोडे किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

पुढे तोरणमाळ, यावल, मेळघाट, तानसा आणि डांगमधील पूर्णा अभयारण्यातही हा पक्षी आढळला. अशी नवी ठिकाणे सापडत गेल्याने 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ वरून ‘संकटग्रस्त’ गटात आला. त्याचे रान मात्र अजूनही घटतेच आहे.