हिरव्या पुडीचा पेच

१९३७ सालच्या जुलैमध्ये ब्रिस्टलच्या विद्यापीठात घन पदार्थांमधल्या विद्युतवहनावर एक परिषद भरली होती. हॉलंडमधल्या आयंडहोव्हेनच्या फिलिप्स प्रयोगशाळेतून आलेल्या डी बूर आणि फेरवे या दोघांनी तिथे एका साध्या पदार्थाचा प्रश्न मांडला. पदार्थ होता निकेल ऑक्साइड.

पेच असा होता. फेलिक्स ब्लॉख यांनी १९२८ मध्ये आणि ॲलन विल्सन यांनी १९३१ मध्ये मांडलेला पट्टसिद्धान्त सांगत होता की, इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचा पट्टा पूर्ण भरला असेल तर पदार्थ वीज अडवतो, अर्धवट भरला असेल तर वाहू देतो. निकेल ऑक्साइडमध्ये दहा जागांपैकी आठच भरलेल्या. म्हणजे तो धातूसारखा वीजवाहक असायला हवा. प्रत्यक्षात शुद्ध निकेल ऑक्साइड ही हिरवी पूड, वीज जवळजवळ अजिबात न वाहू देणारी. किंचित नव्हे, गणिताचं उत्तर साफ उलटं आलं होतं.

ब्रिस्टलचेच प्राध्यापक नेव्हिल मॉट यांना हे मनाला लागलं. रुडॉल्फ पायर्ल्स यांनी सुचवलेला धागा त्यांनी धरला: गणितात इलेक्ट्रॉनांचं आपसातलं प्रतिकर्षण नीट धरलेलंच नाही. एका चाळीत प्रत्येक खोलीत एकेकच भाडेकरू आहे आणि दुसऱ्याच्या खोलीत शिरायचं तर जबर दंड भरावा लागतो, अशी कल्पना करा. वाट मोकळी असूनही कोणी हलणार नाही. अणूंमधलं अंतर कमी झालं, की खोल्यांची दारं रुंदावतात, ये-जा सोपी होते. एका टप्प्यावर दंडाची भीती सरते आणि सगळी चाळ वाहती होते. १९४९ मध्ये मॉट यांनी भाकीत केलं की हा बदल हळूहळू नव्हे, एकदम होईल.

पुढची दहा वर्षं याला उघड पुरावा नव्हता. तो १९५९ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मिळाला. तिथल्या मॉरिन यांनी व्हॅनेडियमची ऑक्साइडं तापवून पाहिली. व्हॅनेडियम डायऑक्साइड ६८ अंश सेल्सियसला, म्हणजे घोट घेता येईल अशा गरम चहाच्या आसपास, रोधकाचं वाहक होतं. चांगल्या स्फटिकात रोध हजारो पटींनी कोसळतो. त्याचा पातळ थर काचेवर दिला तर थंड असताना अवरक्त किरण आरपार जातात, तापल्यावर अडतात. उन्हाळ्यात उष्णता बाहेरच ठेवणाऱ्या खिडक्यांचे प्रयोग त्यावरच उभे आहेत. मात्र या संक्रमणाच्या मुळाशी मॉट यांचं प्रतिकर्षण किती आणि अणूंची जोड्या बांधण्याची प्रवृत्ती किती, हा वाद रंगतच राहिला आहे.

खरी मेजवानी होती दुसऱ्या ऑक्साइडची. व्हॅनेडियम सेस्क्वीऑक्साइडमध्ये थोडं क्रोमियम मिसळून आणि दाब बदलून बेल प्रयोगशाळेतल्या मॅकव्हॅन, राइस आणि रेमेइका यांनी १९६९ पासून एक नकाशा काढला. त्यात धातू आणि रोधक यांना विभागणारी रेषा होती, आणि तापमान वाढवलं की ती एका बिंदूपाशी संपत होती.

अशी संपणारी रेषा शास्त्राला अनोळखी नव्हती. बेलफास्टच्या टॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ मध्ये दाखवलं होतं की कार्बन डायऑक्साइड सुमारे ३१ अंशांच्या वर गेला, की द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही. त्याला क्रांतिक बिंदू म्हणतात. २००३ मध्ये फ्रान्समधल्या ओर्सेच्या गटाने १.१ टक्के क्रोमियम असलेल्या स्फटिकावर सुमारे १८४ अंश सेल्सियस आणि साधारण ३,७०० वातावरणांइतक्या दाबाला मोजमाप केलं. या बिंदूजवळ वाहकता ज्या नियमांनी बदलते, ते वायू-द्रव क्रांतिक बिंदूचेच निघाले. इलेक्ट्रॉन आणि वायूचे रेणू, कुठे एक, कुठे दुसरं. तरी वागणूक तीच.

मॉट यांना १९७७ मध्ये फिलिप अँडरसन आणि जॉन व्हॅन व्लेक यांच्यासह नोबेल मिळालं. डी बूर आणि फेरवे यांची नावं मात्र वर्गात क्वचितच निघतात, आणि हा अन्याय आहे, कारण सिद्धान्ताच्या ऐन भराच्या काळात त्यातलं भोक त्यांनी दाखवलं. पदवीच्या वर्गात पट्टसिद्धान्त शिकवणाऱ्या प्राध्यापकांना एक विनंती आहे: त्याच तासाला निकेल ऑक्साइडची सीलबंद बाटली टेबलावर ठेवा आणि विद्यार्थ्यांना विचारा, ही वीज का वाहू देत नाही?