केळापूरची लढाई कोणाची?

१ जानेवारी १८१८ चे भीमा कोरेगाव आपल्याला तोंडपाठ आहे. पण त्याच युद्धात, एप्रिल १८१८ मध्ये, दुसऱ्या बाजीरावाची फौज आपल्या पांढरकवड्याजवळ उधळली गेली, हे केळापूर तालुक्यातल्या किती तरुणांना माहीत आहे?

हंटिंग्टनने १९९३ मध्ये मांडले की, यापुढचे संघर्ष संस्कृती-संस्कृतींमध्ये होतील. केळापूरचा इतिहास वेगळे सांगतो. शेजारचे चांद्याचे गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी गिळले. ते भांडण धर्माचे नव्हते, मुलूख आणि महसुलाचे होते. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, तोही फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी. पुढे जंगले राखीव झाली आणि पिढ्यानपिढ्या तिथे राहणारा कोलाम स्वतःच्याच रानात चोर ठरला. राज्य आधी जमीन घेते, ‘रानटी’ हा शिक्का नंतर मारते. अस्पृश्यतेचा शिक्का सोसलेल्या आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला हवे का?

आज तालुक्यातली अनेक गावे पाचव्या अनुसूचीत आहेत. १९९६ चा पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा ग्रामसभेला अधिकार देतात. पण कायदा आपल्या पायांनी पोडावर चालत जात नाही, तो न्यावा लागतो.

कोरेगावला जरूर जा. परतल्यावर एकदा कोलामपोडावरच्या ग्रामसभेतही बसा.

जय भीम! जय सेवा!