मांडीवरची गिटार



मिरजेच्या शेजारी कुपवाडात राहून संगीतावर बोलायचे हे धाडसाचेच काम आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांचे १९३७ साली दूर मद्रासकडे निधन झाले, तरी त्यांना माती मिळाली ती मिरजेच्याच दर्ग्यात. त्या गावाच्या वाऱ्यात सूर आहे. मी मात्र कामगार संघटनेचा माणूस. मला आजवर नीट ओळखू आलेला सूर एकच, तो म्हणजे कारखान्याच्या भोंग्याचा. तरीही व्याख्यानमालेच्या चालकांकडून हा विषय मी मागून घेतला. त्याचे कारण आधी सांगतो.

सुमारे तीस वर्षांमागची गोष्ट. आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात एक टर्नर होते. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. दिवसा लेथ आणि गणपतीत, लग्नसराईत ऑर्केस्ट्रातली गिटार. ही गिटार गळ्यात अडकवायची नव्हे. मांडीवर आडवी ठेवायची आणि डाव्या हातातला गुळगुळीत पोलादी दांडा तारांवरून फिरवायचा. एका जेवणाच्या सुट्टीत मिस्त्रींनी भंगारातल्या स्टेनलेसच्या तुकड्यातून असा एक दांडा कातला. गेटवर झडतीत तो सापडला. मालाची चोरी आणि यंत्राचा खासगी वापर असे दोन आरोप लागले. चौकशीत त्यांच्या बाजूने मी उभा राहिलो. "साहेब, दहा रुपयांचीही वस्तू नाही, एका खेळण्याचा तुकडा आहे," असे सांगून मी प्रकरण दोन दिवसांच्या पगारावर मिटवले. मोठा विजय मिळाल्यासारखा मी बाहेर आलो. तर मिस्त्री म्हणाले, "नोकरी वाचवलासा भाऊ, उपकार झाले. पर वाद्याला खेळणं म्हणालासा."

त्या एका शब्दाची भरपाई म्हणून मी त्या वाद्याविषयी वाचू लागलो, मिळतील त्या तबकड्या ऐकू लागलो. आजचे भाषण हा त्या कर्जाचा एक हप्ता समजा.

हे वाद्य आले हवाई बेटांतून. गिटार तिथे एकोणिसाव्या शतकात बाहेरून आली. मेक्सिकोतून आणलेल्या गुराख्यांचा त्यात मोठा वाटा होता. तिला मांडीवर आडवी करण्याचे श्रेय बहुतेक जण जोसेफ केकुकू या ओआहू बेटावरच्या मुलाला देतात. काळ १८८० नंतरच्या दशकाचा. रेल्वेच्या रुळांजवळ सापडलेला लोखंडी बोल्ट तारांवर घासला आणि त्या आवाजाने तो वेडा झाला, अशी हकिकत सांगतात. पुढे चाकूची पाठ, कंगवा असे प्रयोग झाले आणि शेवटी शाळेच्या कर्मशाळेत त्याने पोलादी दांडा तयार केला. हे वाचताना मी पुस्तक खाली ठेवले. ज्या कृत्याबद्दल आमच्या मिस्त्रींना आरोपपत्र मिळाले, त्याच कृत्याने एका वाद्याचा जन्म झाला होता! या श्रेयाचा आणखी एक दावेदार आहे, गेब्रिएल डेव्हियन नावाचा खलाशी. तो हिंदुस्थानात जन्मला होता आणि त्याला एका जहाजाच्या कप्तानाने पळवून नेले होते, असे सांगितले जाते. अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. पण पुरावा तोकडा आहे, म्हणून मी तिच्यावर इमारत उभारीत नाही.

१८९३ साली तिथल्या राणी लिलिउओकलानी यांना गोऱ्या व्यापारी-मळेवाल्यांनी गादीवरून दूर केले आणि १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे गिळली. राज्य गेले, गाणे उरले. १९०४ साली केकुकू अमेरिकेत गेला. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात हवाई वादकांनी लोकांना अशी भुरळ घातली की गावोगाव ही गिटार शिकवणारे निघाले.

आता थोडे वाद्याकडे. साध्या गिटारीत बोट पडद्यामागे दाबले की स्वर ठरला. इथे तारा पट्टीपासून इतक्या उंच असतात की त्या पडद्याला टेकतच नाहीत. पडदे नुसते खुणेपुरते. दांडा जिथे असेल तिथे स्वर. केसभर इकडे तिकडे झाला की बेसूर. म्हणजे सगळा भरवसा कानावर. त्या बदल्यात मिळते ती मींड. सतारीत तार बाजूला खेचून मींड काढतात, तिला ताणण्याची मर्यादा असते आणि खेचल्याने स्वर चढतोच. दांडा मात्र वरखाली, जिथवर तार आहे तिथवर जातो. मात्र तोटाही आहे: दांडा सरळ, त्यामुळे एका वेळी अनेक स्वर हवे असतील तर तारा आधीच ज्या मिळणीत लावल्या असतील तेवढेच हाती येतात. दांडा तिरपा धरून कसबी वादक त्यातूनही वाट काढतात.

ही युक्ती आपल्याला परकी नव्हे. विचित्र वीणेवर काचेचा गोळा फिरतो, दक्षिणेत गोट्टुवाद्यावर लाकडी दांडा. या गोट्टुवाद्याला विसाव्या शतकाच्या आरंभी पुन्हा मैफलीत आणले ते तंजावर प्रांतातल्या तिरुविडैमरुदूरच्या सखाराम राव यांनी. नाव ऐकताच आपले कान टवकारतात ना? तंजावरच्या मराठी राजवटीची सावली अशी कुठे कुठे पोचली आहे.

विजेची गोष्ट तर फारच बोलकी आहे. पितळी वाद्यांच्या ताफ्यात या बिचाऱ्या गिटारीचा आवाज बुडून जाई. जॉर्ज बोशँ हा स्वतः मांडीवरची गिटार वाजवणारा; त्याने नालाच्या आकाराची चुंबके आणि तारेचे वेटोळे बसवून कंपनांचे विजेत रूपांतर केले. ॲडॉल्फ रिकनबॅकर यांच्या साहाय्याने ॲल्युमिनियमची ओतीव गिटार १९३२ साली बाजारात आली. गोल अंग आणि लांब मान, म्हणून लोक तिला 'तळणीचा तवा' म्हणू लागले. आज जगभर तरुण पोरे गळ्यात घालून नाचतात त्या विजेच्या गिटारीची थोरली बहीण ही, मांडीवर बसणारी. केकुकू त्याच १९३२ साली, घरापासून हजारो मैल दूर न्यू जर्सीत वारला.

रॉक संगीताचे नाव काढले की आपली वडीलधारी मंडळी कानावर हात ठेवतात. मीही ठेवीत असे. पण बिल हेलीच्या १९५१-५२ च्या तबकड्या ऐका. 'रॉक द जॉइंट' मध्ये ढोलवाला नाहीच. ताल धरतो तो तारांवर थपडा मारणारा मोठ्या बासवाला, आणि त्याला जोड देतात बिली विल्यमसनच्या मांडीवरच्या गिटारीचे तुटक, झणझणीत ठोके. हवाईची लडिवाळ मींड इथे गाळून टाकली आहे; वाद्य जणू हातोडीसारखे वापरले आहे. १२ एप्रिल १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झालेल्या 'रॉक अराउंड द क्लॉक' मध्येही हे वाद्य आहे, पण ते घोळक्यात मिसळलेले. दोन-तीनदा ऐकल्याशिवाय सापडत नाही. सर्वांच्या लक्षात राहतो तो डॅनी सिड्रोनचा साध्या गिटारीवरचा तुकडा. त्या दिवसाच्या कामाचे त्याला २१ डॉलर मिळाले आणि गाणे जगभर गाजण्यापूर्वीच, त्याच वर्षी, तो वारला. विल्यमसन मात्र हेलीचा भागीदार होता, नफ्यात त्याचा वाटा असे. बाकीचे पगारी. १९५५ साली, गाणे शिखरावर असताना, तिघा पगारी वादकांनी वाढ मागितली. ती नाकारली गेली आणि तिघेही बाहेर पडले. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे वाचून काय वाटले असेल ते सांगत नाही. मांडीवरची गिटार त्या वेळी मालकांच्या बाजूला बसली होती, एवढे नोंदवून पुढे जातो.

तीच मींड परत आली १९५९ साली. ब्रुकलिनचे दोन भाऊ, सँटो आणि जॉनी फरिना. त्यांच्या वडिलांनी लष्करात असताना ही गिटार ऐकली आणि मुलांनी ती शिकावी असा ध्यास घेतला. 'स्लीप वॉक' या तबकडीत शब्द नाहीत. सँटोचा दांडा एका स्वरावरून दुसऱ्यावर इतक्या सावकाश उतरतो की मधल्या श्रुती मोजाव्यात. सप्टेंबर १९५९ मध्ये ती अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होती. पुढे मात्र उभ्याने नाचत वाजवणाऱ्यांचा जमाना आला आणि बसून वाजवणारा मागे पडला.

आपल्याकडे ती मागे पडली नाही. टाऊ मो हा हवाईचा वादक कुटुंबासह १९४१ ते १९४७ कलकत्त्यात राहिला, आणि बंगालात घरोघरी ही गिटार शिरली. मुंबईत व्हॅन शिप्ले यांनी स्वतः आठ तारांची विजेची गिटार घडवून सिनेमाच्या चाली तबकड्यांवर वाजवल्या; त्यांच्या जोडीला ॲकॉर्डियनवर असत आपल्या पुण्याचे इनॉक डॅनियल्स. आमच्या मिस्त्रींचे गुरू म्हणजे या तबकड्याच. ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर रागदारीच वाजवली. १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' पुष्कळांच्या घरी असेल. विश्वमोहन भट्ट यांना राय कूडर यांच्यासह १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले, तेही याच पद्धतीच्या वादनासाठी.

हे सारे टिपण घेऊन मी मध्यंतरी मिस्त्रींकडे गेलो. ते आता निवृत्त आहेत, बोटे थोडी थरथरतात. केकुकूच्या कर्मशाळेची हकिकत मी वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प राहिले, मग पेटी उघडून गिटार मांडीवर घेतली आणि एका अभंगाची चाल वाजवली. दांडा चकचकीत होता. जप्त झालेला कधी परत मिळालाच नव्हता. हा बाहेरच्या वर्कशॉपातून पैसे देऊन कातून घेतलेला.

"पावती बी हाय," ते म्हणाले, आणि पेटीच्या खणातून ती काढून त्यांनी माझ्या हातात दिली.