हलक्या चाकाची किंमत

हौशी शर्यतवाला गाडी हलकी करायची म्हटली, की आधी मागची सीट काढतो. एत्तोरे बुगाटी यांनी चाकालाच हात घातला. १९२४ साली लिऑंच्या ग्रां प्रीत उतरलेल्या त्यांच्या टाइप ३५ गाडीला ओतीव अॅल्युमिनियमची चाके होती; ब्रेकचा ड्रमही चाकातच ओतलेला. त्या दिवशी टायरांनी दगा दिला, पण चाकांची कल्पना टिकली.

कारण सरळ आहे. चाक पुढे जाते आणि फिरतेही. म्हणून त्याच्या कडेवरच्या एका किलोला वेग द्यायला सीटखालच्या किलोच्या जवळपास दुप्पट ऊर्जा लागते. शिवाय चाकाचा भार स्प्रिंगवर नसतो. जड चाक खड्ड्यात उसळले, की रस्त्यावरची पकड सुटते.

१९९०च्या दशकात कल्याणच्या कारखान्यात प्यूजो ३०९ तयार होत होती, तेव्हा डोंबिवलीतला माझा एक मित्र जुनी पद्मिनी शर्यतीसाठी सजवत होता. त्याने कुठूनशी जुनी अलॉय चाके आणली. भंगारवाल्याच्या काट्यावर ती पोलादी चाकांपेक्षा हलकी भरली, तो हरखला. मी चाकांना रॉकेल लावले, स्वच्छ पुसले, वर खडूची पूड चोळली. एका बोल्टच्या भोकापाशी ओली रेघ उमटली. तडा होता.

काट्यावर वजन कळते, तडा कळत नाही. मित्र पुष्कळ कुरकुरला. अखेर पोलादी चाकांवरच धावला. शेवटून दुसरा आला, आणि संध्याकाळी त्याच गाडीने घरी आला.