उपकाराची परीक्षा

परोपकाराच्या कार्याकडे पुरावा मागणें हें पुष्कळांस कृतघ्नपणाचें वाटतें. परंतु असा पुरावा मागण्याचें धैर्य एका परोपकारी मनुष्यानेंच दाखविलें, ही इतिहासांतील लक्षणीय गोष्ट होय. बॉस्टनचे विख्यात डॉक्टर रिचर्ड कॅबट यांनीं 1931 सालीं समाजसेवकांच्या राष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष या नात्यानें, आपल्या कार्याचें फळ मोजून पाहा, असें सेवकांस निक्षून सांगितलें. आणि पुढें स्वतःच तसा प्रयोग योजिला.

दाट वस्तींतील मुलास लहानपणींच वडीलधारा मित्र लाभला, तर तो गुन्हेगारीपासून दूर राहील काय, हा त्यांचा प्रश्न होता. बॉस्टनलगतच्या केंब्रिज व सॉमरव्हिल या गांवांतील 506 मुलगे निवडण्यांत आले. वय, बुद्धि व घरची परिस्थिति पाहून त्यांच्या 253 जोड्या लावल्या. आणि प्रत्येक जोडींतील कोणास साहाय्य द्यावयाचें, तें नाणें उडवून ठरविलें. 1939 सालीं कार्यास आरंभ झाला. त्याच वर्षीं कॅबट निवर्तले. तरी कार्य 1945 पर्यंत चाललें. मार्गदर्शक महिन्यांतून सरासरी दोनदां मुलाच्या घरीं जात. शिकवणी, औषधोपचार, उन्हाळी शिबिरें यांची सोय करीत.

1951 सालीं पहिला अहवाल निघाला. साहाय्य मिळालेल्यांत गुन्हे कमी झाल्याचें दिसेना. पण झाड उशिरां फळतें, असें म्हणावयास तेव्हां जागा होती. ती जागा 1978 सालीं जोन मॅकॉर्ड या विदुषींच्या संशोधनानें नाहींशी केली. तीस वर्षांनंतर त्यांनीं तीं माणसें शोधून काढलीं. साहाय्य मिळालेल्यांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश जणांनीं त्याचा आपणांस लाभ झाला, असें कळविलें. न्यायालयांचे व रुग्णालयांचे कागद मात्र उलट बोलत होते. पुन्हां गुन्हा करणें, मद्यासक्तीचीं लक्षणें, अकालीं मृत्यु, या बाबतींत साहाय्य मिळालेले लोक आपल्या जोडीदारांहून मागेंच होते. शिबिरांस एकाहून अधिक वेळां गेलेल्यांत हा अपाय विशेष आढळला, असें पुढील अभ्यासांत दिसलें. खोडकर मुलांस तेथें एकमेकांची शाबासकी मिळत असावी, असा तर्क करण्यांत आला.

नाण्याचा तो कौल नसता, तर दोन-तृतीयांशांची कृतज्ञता हाच यशाचा पुरावा ठरला असता, आणि तीच योजना गांवोगांव गेली असती. सेवकांच्या हेतूंत खोट नव्हती. परंतु मुलाच्या आयुष्यावर हेतूचा नव्हे, कृतीचा परिणाम होतो. अपयश दडपून न ठेवितां तें प्रसिद्ध झालें, म्हणून तें इतरांच्या उपयोगीं पडलें. 2000 सालीं स्थापन झालेली कॅम्पबेल कोलॅबोरेशन ही संस्था असेच देशोदेशींचे निष्कर्ष, अनुकूल व प्रतिकूल, एकत्र तपासून सर्वांपुढें मांडते. उपकाराची परीक्षा घेणें हा उपकाराचा अपमान नव्हे. ज्यांच्यावर तो करावयाचा, त्या मुलांचा तो हक्क आहे.