चाकोरी आणि हौस

‘चाकोरी’ हा शब्द आपण हल्लीं कंटाळवाण्या आयुष्यक्रमास लावतों. परंतु त्याचा मूळ अर्थ चाकांनीं जमिनींत पाडलेला चर एवढाच. अहमदपूरकडील काळ्या मातींत या चराचें शासन मोठें कडक होतें. पावसाळ्यांतील चिखलांत उमटलेली चाकोरी उन्हाळ्यांत वाळून दगडासारखी होई. आणि ज्या गाडीच्या दोन चाकांमधील अंतर इतर गाड्यांहून निराळें, तिचें एक चाक चरांत, तर दुसरें वरंब्यावर! तुंबा, आरे, पुठे आणि त्यांवर चढविलेली लोखंडी धाव यांत सुतार-लोहारांनीं आपलें कसब खुशाल दाखवावें. आंसाची लांबी मात्र वाटेनेंच ठरविलेली.

या मुलखांतील गाडीवाट फार जुनी. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत, पैठणहून अकीकाच्या जातीचे खडे आणि तगरहून साधें कापड व मलमल गाड्यांत भरून भडोचास जात, वाटेंत रस्ते नसलेले विस्तीर्ण प्रदेश लागत, असें वर्णन आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर. जेथें रस्ता नाहीं तेथें पुढच्या गाडीची चाकोरी हाच मागच्या गाडीचा रस्ता, हें सांगावयास ग्रंथ नको.

मग शेतकऱ्याला हौस नव्हती काय? पुष्कळ होती, परंतु ती बैलांच्या झुलींत, रंगविलेल्या शिंगांत नि घुंगुरमाळांत खर्च होई. आंसाला तिनें हात लावला नाहीं.

डांबरी सडक आली आणि चाकोरीचा अंमल उठला. आतां मोटारीचीं चाकें मडगार्डाच्या कडेपर्यंत बाहेर यावीं, गाडी ऐटदार दिसावी, म्हणून हौशी मंडळी चाक व तुंबा यांच्या मध्यें ‘स्पेसर’ नांवाची धातूची चकती बसवितात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलांत फरक पाडणाऱ्या बदलांस मनाई करतें, आणि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही त्याच अर्थाचा निर्णय दिला. हेंच काम पूर्वीं चिखल करी, आणि त्यास शिपाई लागत नसे.

दिसण्यांत फरक पडतो, हें आम्ही नाकारीत नाहीं; आंत ओढलेलीं चाकें खरोखर केविलवाणीं दिसतात. परंतु चाक जितकें बाहेर, तितका बेअरिंगवर तरफेचा ताण अधिक. पुढचें चाक खड्ड्यांत आदळलें कीं सुकाणूचें चक्र हाताला हिसका देतें. आणि नेमकी त्याच वेळीं समोरून उसाची गाडी येत असते.